पन्नास एमबीपीएसचं स्थळ

एकनाथराव बिलोलीकरांनी आयुष्यात स्वतः होऊन काही निवडलं, असा आरोप त्यांच्या शत्रूलाही करता आला नसता. नोकरी मामांनी लावली. बायको आत्याने पाहिली. स्कूटरचा नंबर लागला तेव्हा कंपनीने हिरवी पाठवली, म्हणून त्यांनी हिरवा हा आपला आवडता रंग असल्याचं जाहीर केलं. टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा मुलगी अपर्णा पाळण्यात होती. तो घरात येऊन पहिल्यांदा वाजला तेव्हा तो तिनेच उचलला, कारण तोवर तिचा हात पोहोचू लागला होता. अशा माणसाला सत्तरी उलटल्यावर त्याच मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, "बाबा, आपल्या जामबागेत फायबर आलंय. तीन-चार कंपन्या आहेत. त्यातलं एक पॅकेज निवडा."

"मी?" एकनाथरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हीच. किमान पन्नास एमबीपीएस हवं, अनलिमिटेड, आणि अपलोडसुद्धा तेवढंच. लिहून घ्या. कंपनी मला घरून काम करू द्यायला तयार आहे, पण नेट पक्कं हवं म्हणते. ते झालं की मी तिकडेच येते राहायला. आईजवळ."

एकनाथरावांनी सगळं लिहून घेतलं. त्यातला शेवटचा शब्द तेवढा त्यांना कळला, आणि नेमका तो लिहायची गरज नव्हती.

आता या 'आई'बद्दल सांगायला हवं. मंगलाबाई बिलोलीकर म्हणजे एके काळी हैदराबादेतल्या निम्म्या मराठी संसारांचं उगमस्थान. देशाने आपली दारं जगाला उघडली, त्याच वर्षी मंगलाबाईंनी आपल्या बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि त्यावर पाटी लावली : 'मंगल वधूवर सूचक केंद्र, दुपारी चार ते सात.' देशाचं पुढे काय झालं ते जाणकार सांगतील. केंद्र मात्र धडाक्यात चाललं. त्या खोलीला घरात 'ऑफिस' म्हणत. तिथे एक टेबल, टेबलावर काच आणि काचेखाली उपवर मुलामुलींचे फोटो दाटीवाटीने मांडलेले. एकनाथराव बँकेतून आले की ऑफिसात पोहे आणि चहा पोचवायचे आणि पाकिटांवर पत्ते घालायचे. स्वतःच्या घरात ते कनिष्ठ कारकून होते, आणि त्या पदावर ते अत्यंत समाधानी होते.

मुलाने पाण्याचा पेला कसा धरला, यावरून मंगलाबाई त्याच्या आईचा स्वभाव सांगत. त्यांचा शब्द सहसा खोटा पडला नाही. एकच गोष्ट जमली नाही. जगाची लग्नं लावणाऱ्या बाईची मुलगी चौतिशीला आली तरी बिनलग्नाची होती. "माझा फोटो त्या काचेखाली जायचा नाही," असं अपर्णाने कॉलेजात असतानाच बजावलं होतं, आणि पुढे ती पुण्याला निघून गेली. काचेखालचा उजव्या हाताचा कोपरा मंगलाबाईंनी कायम मोकळा ठेवला होता. लोक विचारत, इथे कुणाचा? त्या म्हणत, "यायचाय अजून."

मग दोनेक वर्षांपूर्वी मंगलाबाईंनी एका मुलाला स्थळ सुचवलं. मुलगी सुस्वभावी, गव्हाळ, बी.कॉम. सगळं खरं होतं. फक्त त्या मुलीचा मुलगा त्या वर्षी दहावीला बसला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका गृहस्थांना त्यांच्याच बायकोचं स्थळ सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "उत्तम आहे, पण माझ्या माहितीतलं आहे." लोक सभ्य होते. कोणी तक्रार केली नाही, नुसतं येणं थांबलं. डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. ते एकनाथराव मुद्दाम विसरले. घरात एकाने विसरायला सुरुवात केली की दुसऱ्यानेही थोडी साथ द्यावी, असं त्यांना वाटलं असावं.

आता मंगलाबाई फारसं बोलत नसत. वाक्य सुरू करत आणि मधल्याच कुठल्या तरी स्टॉपवर उतरून जात. पण रोज चार वाजता त्या इस्त्रीची साडी नेसून ऑफिसात बसत आणि विचारत, "आज कोण येणार?"

"आज कोणी नाही," एकनाथराव म्हणत.

"बरं," त्या म्हणत. आणि सातला पंखा बंद करून उठत.

पॅकेज निवडायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायला एकनाथराव शेजारी लक्ष्मणरावांकडे गेले. लक्ष्मणरावांचं घराणं बीदरकडचं, तीन पिढ्या हैदराबादेत. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला पूर्णपणे निःपक्षपाती होता.

"एकदम हौ म्हणू नका बरं का, एकनाथराव," ते म्हणाले. "हे कंपनीवाले लई चालू असतात बा. सुलतान बाजारात एक सदऱ्याचं कापड घ्यायचं तर दहा दुकानं फिरतो का नाही आपण? मंग! एकेकाला घरी बोलवा, बसवा, विचारा. घाई नक्को."

"पण विचारायचं काय?"

"ते तुम्हाला मी सांगू? आयुष्यभर घरात हेच चाललं ना तुमच्या! आणि सांभाळून. काचेची तार असते म्हणे ती. जरा वाकवली की कटकन तुटते. तुमच्या मेव्हण्यासारखी, जरा बोललं की संबंधच तोडते."

एकनाथरावांनी मेव्हण्याचा उल्लेख गिळला आणि सल्ला उचलला. त्यांनी पहिल्या कंपनीला फोन केला. पलीकडून वेळ विचारली, तर इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडून निघून गेलं, "दुपारी चार ते सात."

चारच्या ठोक्याला बेल वाजली. दारात यादगिरी नावाचा तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात फाईल आणि चेहऱ्यावर आपल्याला आता पाहणार आहेत असा भाव. आत मंगलाबाई साडीचा पदर सारखा करून बसलेल्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं, आणि एकनाथरावांच्या डोळ्यांदेखत त्यांची पाठ ताठ झाली.

"या. बसा. अहो, पाणी आणा. आणि पोहे."

एकनाथराव पाणी देऊन स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरताना त्यांचे कान बाहेर होते. मंगलाबाई त्यांच्या ऑफिसच्या खास हिंदीत बोलत होत्या. ती हिंदी त्यांनी गेल्या वर्षभरात काढली नव्हती.

"गाव कौनसा, बेटा?"

"भोनगीर के बाजू में, अम्मा."

"घर में कौन कौन रहते?"

"अम्मा रहती, एक छोटी बहन रहती. बापू नहीं."

"नोकरी पक्की?"

"नहीं अम्मा. अभी छे महिने देखते बोले."

एकनाथराव पोह्यांची बशी घेऊन दारात आले. 'अगं, हे स्थळ नव्हे, हे इंटरनेटचे' हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. तेवढ्यात मंगलाबाईंनी विचारलं, "तो पहले बहन का करता, या तेरा?"

म्हणजे चौथ्या प्रश्नापर्यंत येताना दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या लक्षात होतं. बहीण लक्षात होती. एकनाथरावांनी ते तयार वाक्य परत गिळलं आणि यादगिरीपुढे बशी ठेवली. त्यानेही बिचाऱ्याने काही विचारलं नाही. विक्रीच्या प्रशिक्षणात त्याला सांगितलं असणार की गिऱ्हाईकाशी घरोब्याचे संबंध ठेवावेत. इतका घरोबा त्याने पाहिला नव्हता एवढंच.

निघताना यादगिरी म्हणाला, "सार, एक फोटो, आधार की कॉपी, और इधर एक साइन."

आता इथे एकनाथरावांच्या हातून जे घडलं, ते लग्नं जमवणाऱ्या घरातच घडू शकतं. केंद्राचा पहिला नियम असा, की समोरच्याचा फोटो आणि माहिती घेतली की आपलीही द्यायची. त्याने कोणी कोणाला बांधला जात नाही. फोटो दिला म्हणजे मुलगी दिली नव्हे. एकेका मुलीचा फोटो एका वेळी पाच-पाच घरांत फिरतो आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तेव्हा एकनाथरावांनी फोटो दिला, आधारची प्रत दिली, सही केली आणि म्हणाले, "कळवतो."

यादगिरी गेल्यावर मंगलाबाई म्हणाल्या, "परिस्थिती बेताची आहे. पण शब्दाचा आहे. कमी सांगितलं, खोटं नाही सांगितलं."

एकनाथरावांनी माहितीपत्रक उघडलं. पन्नास एमबीपीएस. जास्तीचं एक अक्षर नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मंगलाबाईंनी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. वर्षभरात त्यांनी कशालाही नाव ठेवलं नव्हतं. ताटात येईल ते मुकाट्याने खाल्लं होतं. एकनाथराव मीठ आणायला उठले आणि अख्खी बरणीच घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कंपनीला फोन केला. दुपारी चार ते सात.

दुसरा आला जहांगीर. झुकून सलाम, बोलण्यात साखर, अंगाला अत्तर. "सौ एमबीपीएस तक देते हम, अम्मा!"

"तक मतलब?"

"मतलब... ऊपर में सौ."

"और नीचे में?"

जहांगीरने खिशातून रुमाल काढला. खोदून विचारता कळलं, की महिन्याची सुरुवात झोकात होते, पण एका हद्दीपुढे वापर गेला की वेग पार पायी चालायला लागतो. "म्हणजे दिवाळसणापुरता गोड," मंगलाबाई नंतर म्हणाल्या. "आणि एका जागी टिकणारा नाही तो. नोकऱ्या किती बदलल्या विचारा." एकनाथरावांनी जिन्यात गाठून विचारलं. ही तिसरी कंपनी होती.

तिसरा विकास, गौलीगुड्याचा, घरचा मराठी. मराठी बोलायचा, पण पाटीवरचं 'वधूवर' वाचताना त्याने दोनदा दम घेतला. "काकू, आमच्या पॅकेजमध्ये टीव्ही फ्री, फोन फ्री, राउटर फ्री. लावायचं पण फ्री!"

तो गेल्यावर मंगलाबाईंनी मान हलवली. "एवढं सगळं फुकट देतायत म्हणजे मुलात काहीतरी खोट आहे."

तिघांनाही पोहे मिळाले. तिघांनीही फोटो, आधारची प्रत आणि सही नेली. तिघांनाही एकनाथराव "कळवतो" म्हणाले. आणि मग, आता खरं सांगायचं तर, ते कळवेनासे झाले. उलट त्यांनी तिघांना पुन्हा बोलावलं. लग्नाच्या व्यवहारात दुसऱ्यांदा पाहणं असतंच. मग शंका विचारायला तिसऱ्यांदा. कधी राउटर म्हणजे काय ते समजलं नाही म्हणून, कधी समजलं होतं ते विसरलं म्हणून. तीही पोरं येत. त्यांच्या साहेबाला रोज गिऱ्हाईकांच्या भेटी दाखवाव्या लागत. आणि इतर घरांत त्यांना दारातूनच घालवत, इथे पोहे मिळत. एकदा तर यादगिरी आपल्या बहिणीच्या निकालाचे पेढे घेऊन आला. चार वाजले की मंगलाबाई विचारत, "आज कोण येणार?" आणि एकनाथराव रुबाबात सांगत, "आज जहांगीर."

लक्ष्मणरावांनी एक दिवस जिन्यात अडवलं. "काय चाललंय बा हे? वहिनी त्या पोराला कुंडली विचारत होत्या म्हणे. जहांगीरला! आणि तो तेलुगू पोरगा? केंद्र तर आपल्या लोकांचं ना?"

"केंद्राने धोरण बदललंय," एकनाथराव म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना जाणवलं की ते खरंच होतं. देश कधीचा मोकळा झाला. केंद्राच्या नियमावलीतल्या जातीच्या आणि पोटजातीच्या रकान्यांना मात्र मंगलाबाईंनी कधी हात लावू दिला नव्हता. आता त्यांना ते रकानेच आठवत नव्हते. त्यांना मुलगा खरं बोलतो का एवढंच दिसत होतं.

अपर्णाचे फोन येत होते.

"बाबा, झालं का?"

"बघतोय. एक बरं वाटतंय, पण परिस्थिती बेताची आहे."

"कुणाची?"

"कंपनीची."

पुढच्या आठवड्यात : "बाबा, अहो ते फक्त ब्रॉडबँड आहे!"

"हो, पण एकदा गळ्यात पडलं की पडलं."

आणि मग एकदा तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, दसऱ्यापर्यंत कळवलं नाही तर ही सवलत ते दुसऱ्या कुणाला तरी देतील. मग मला पुन्हा मिळायची नाही. मी येऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

"असं कसं?" एवढंच एकनाथराव म्हणाले. फोन ठेवून ते टेबलाशी बसले. निवडलं, की मुलगी घरी येणार होती. निवडलं, की चारला दाराची बेल वाजायची थांबणार होती. एकीकडे लेक आणि दुसरीकडे बायकोची दुपार. हे त्या लिहून घेतलेल्या कागदावर कुठेच नव्हतं. ज्याने आयुष्यात स्कूटरचा रंगसुद्धा निवडला नव्हता, त्याला पहिलाच पेपर हा असा यावा, यात परीक्षकाचा खोडसाळपणा दिसतो.

त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. त्यांनी काहीच केलं नाही.

पण कंपन्यांच्या व्यवहारात फोटो दिला म्हणजे मुलगी दिलीच असते. त्यांच्या लेखी एकनाथरावांनी तिघांनाही होकार दिला होता. पोरांनी आपल्या परीने दम धरला. वर बसलेल्या साहेबांना मात्र महिनाअखेरीला आकडे दाखवायचे होते. दसरा तीन-चार दिवसांवर आला असताना एका दुपारी तिन्ही वऱ्हाडं एकदम दारात आली. तिघांच्या तीन शिड्या, तीन तारांची वेटोळी, तीन ड्रिल मशीन. जिन्यात दुसऱ्या कंपनीची शिडी पाहून विकास म्हणाला, "काका, हे काय? आमचं ठरलं होतं ना!" जहांगीर म्हणाला, "साब, हमारे साथ तो बात पक्की थी!" यादगिरी नुसता एकनाथरावांकडे पाहत राहिला, आणि तेच त्यांना सर्वांत जड गेलं.

"मी फक्त कळवतो म्हणालो होतो," एकनाथराव पुटपुटले. पण तोवर विकासच्या माणसाने भिंतीला ड्रिल लावलं होतं. मशीन घरघरलं, भिंत थरथरली, आणि पलीकडून लक्ष्मणरावांची आरोळी आली. भोक आरपार गेलं होतं. ते त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून, नेमकं संकष्टीच्या चौकोनातून बाहेर निघालं होतं.

"एकनाथराव!" भोकातून आवाज आला. "चतुर्थी गेली बा माझी!"

एवढ्यात खाली मोटारसायकल थांबली आणि दत्तोबा केबलवाला वर आला. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी. गौलीगुड्यापासून इथवरच्या विजेच्या खांबांवर ज्या तारा लोंबत, त्या सगळ्या त्याला विचारून लोंबत. "कोणाला विचारून चाललंय हे?" त्याने दारातूनच सुरुवात केली. "या गल्लीत मला न विचारता कावळासुद्धा तारेवर बसत नाही! काढा सगळं. एकाची तार जाणार नाही माझ्या खांबावरून."

तिन्ही वऱ्हाडं आणि दत्तोबा एकदम बोलू लागले. जिन्यात लोक जमले. वॉचमन, जो गेली आठ वर्षं एकनाथरावांना पाहून उभा राहत असे, तो आता बसून बघत होता. एकनाथरावांना वाटलं की आपण त्या भोकातून पलीकडे निघून जावं.

आणि चार वाजले.

आतून मंगलाबाई आल्या. निळी साडी, केसांत शेवंती. त्यांनी खोलीभर उभे असलेले तरुण पाहिले, जिन्यातली गर्दी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. एके काळी त्या दर वर्षी सुलतान बाजारातल्या एका हॉलमध्ये वधूवर मेळावा भरवत असत.

"एवढे आलेत आणि मला कोणी सांगितलं नाही?" त्या एकनाथरावांवर डाफरल्या. "गडबड नको. बसा सगळे. जागा नसेल त्याने खाली बसा. एकेकाने उठून नाव, शिक्षण, नोकरी सांगायची. मोठ्याने."

मग यादगिरीने ड्रिल मशीन खाली ठेवलं आणि जमिनीवर मांडी घातली. त्याच्या शेजारी जहांगीर बसला. मग शिडीवाले. विकास. दत्तोबा तेवढा उभा राहिला.

मंगलाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू दत्तोबा ना? हुमनाबादची निर्मला दिली तुला. बघायला आलास तेव्हा चहात तीन चमचे साखर मागितली होतीस, लाजत लाजत."

दत्तोबाने काळा चष्मा काढला. "आता शुगर आहे मला, बाई," तो म्हणाला, आणि खाली बसला.

मेळावा व्यवस्थित पार पडला. एकेकाने उठून नाव सांगितलं. शिडी धरणाऱ्याने आपलं शिक्षण आठवी नापास असं सांगितलं, तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या, "लपवलं नाहीस, हे बरं केलंस." भिंतीतल्या भोकातून लक्ष्मणरावांचा एक डोळा सगळं पाहत होता. शेवटी मंगलाबाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"यादगिरी," त्या म्हणाल्या. "शब्दाचा आहे."

"अम्मा बोल दिये तो बात खतम," म्हणून जहांगीरने आपली तार गुंडाळायला घेतली. विकासने "फ्री होतं, काकू" असं एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. दत्तोबा उठला. "बाईंनी जमवलेलं मोडणारा मी कोण? ने रे, माझ्या खांबावरून ने तार." जाताना तो मंगलाबाईंच्या पाया पडला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

दिवेलागणीच्या आत फायबर लागलं. यादगिरीने वेग मोजून दाखवला. पन्नास म्हणजे पन्नास. टेबलावर, काचेच्या बाजूला, राउटरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. एकनाथरावांचा आवडता रंग.

एकनाथरावांनी आयुष्यात एक निवड करायला घेतली होती, तीही अखेर दुसऱ्याच कोणीतरी केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मंगलाबाईंनी विचारलं, "आज कोण येणार?"

एकनाथरावांनी फोन उचलला. शहरात चौथीही कंपनी होती, नंबर त्यांच्याकडे होता. पण जमल्यानंतर दुसरं स्थळ बघणं केंद्राच्या नियमात कधीच बसलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

"आज कोणी नाही."

"बरं."

दसरा झाल्यावर अपर्णा आली. दोन बॅगा आणि एक लॅपटॉप. मंगलाबाई दारातच म्हणाल्या, "या. पाणी घ्या." अपर्णाने वडिलांकडे पाहिलं. "प्रवासातून आलीस ना, म्हणून," एकनाथराव म्हणाले, आणि पाणी आणायला गेले. तिने 'दोन महिने का लावलेत' हे भांडण पुण्याहून तयार करून आणलं होतं. ते तिने बॅगेतून काढलं नाही.

ऑफिसातलं टेबल तिने घेतलं. काचेखालचे फोटो तसेच होते, वर लॅपटॉप. पहिल्याच आठवड्यात तिची मीटिंग दुपारी चारला ठरली. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला आणि प्रत्येक चौकोनात एकेक तरुण चेहरा येऊन बसला. कोणी पुण्यातला, कोणी चेन्नईचा, कोणी अमेरिकेत पहाटे उठून केस विंचरलेला. सगळे ओळीत, काचेमागे.

अपर्णाच्या पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मंगलाबाई निळी साडी नेसून येऊन बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाठ ताठ झाली.

"गडबड नको," त्या म्हणाल्या. "एकेकाने नाव, शिक्षण, नोकरी सांगायची."

अपर्णाचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. दारात पोह्यांची बशी घेऊन एकनाथराव उभे होते. तिने हात मागे घेतला.

"माझी आई आहे," ती पडद्याला म्हणाली. "प्लीज. सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. पुण्याच्या सारंगने सांगितलं, चेन्नईच्या मुलाने मोडक्या हिंदीत सांगितलं. मंगलाबाई प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होत्या आणि मान डोलावत होत्या. एवढे जण एकापाठोपाठ एक बोलले, पण तार कुठे अडखळली नाही. यादगिरी खरंच शब्दाचा होता. सगळ्यांचं झाल्यावर त्या अपर्णाकडे वळल्या.

"आणि तुमचं, बाळ?"

अपर्णा उभी राहिली. शाळेत राहतात तशी, हात मागे बांधून.

"अपर्णा एकनाथ बिलोलीकर," ती म्हणाली. "शिक्षण एम.सी.ए. नोकरी पुण्याच्या कंपनीत, आता घरूनच. वडील बँकेत होते, निवृत्त." ती थांबली. "आई मंगला. वधूवर सूचक केंद्र चालवते."

मंगलाबाईंचा चेहरा मऊ झाला.

"घर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मी ओळखते त्यांना." मग जरा पुढे वाकून, पडद्यावरच्या सगळ्या मुलांना ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी समज दिली, "पण मुलीला घाई करायची नाही कोणी."

आणि त्यांनी टेबलाच्या उजव्या हाताचा, काचेखालचा मोकळा कोपरा पदराने पुसून ठेवला.